बोळातून कुत्रं फिरवताना: दोरीला असलं की अंगावर जाणाऱ्या कुत्र्यासाठी

घरात मुलांच्या अंगाखांद्यावर लोळणारं कुत्रं दोरी लावून रस्त्यावर आणलं की समोरच्या कुत्र्यावर, छत्रीवर, बुलेटवर तुटून पडतं. साताऱ्यात अशी कुत्री बरीच आहेत आणि त्यांचे मालक मला लगेच ओळखू येतात. उजाडायच्या आत नाहीतर रात्रीची जेवणं आटोपल्यावर ते बाहेर पडतात आणि प्रत्येक वळणावर आधी स्वतः डोकावून बघतात, मगच कुत्र्याला पुढे घेतात. मीही त्यांच्यातलीच. आमची चिंगी गावठी आहे, तांबूस रंगाची, एक कान उभा, एक पडलेला. घर यादोगोपाळ पेठेत. बोळ इतका अरुंद, की समोरून स्कूटर आली की आपण भिंतीला चिकटायचं. या विषयावर जे वाचायला मिळतं त्यात बहुधा मोठी मैदानं आणि रुंद फुटपाथ गृहीत धरलेले असतात. आपल्याकडे दोन्ही नाही, वर मोकळी कुत्री आहेत. तरीही कुत्र्यात फरक पडतो, खूप पडतो. कसा ते सविस्तर सांगते.

शेजारीपाजारी म्हणतात, “माजलंय, दोन रट्टे द्या.” माज वगैरे काही नसतो. बहुतेक वेळा ती भीती असते. काही कुत्र्यांचं उलट असतं. त्यांना समोरच्याकडे जायचंच असतं, दोरी जाऊ देत नाही, आणि ती चडफड आरडाओरड्यातून बाहेर पडते. मोकळी कुत्री एकमेकांना कशी भेटतात ते एकदा राजवाड्यापाशी उभं राहून बघा. नाकासमोर सरळ चालत कुणी येत नाही. वळसा घेतात, मध्येच जमीन हुंगतात, मान फिरवतात, नको असेल तर काढता पाय घेतात. दोरीला असलेल्या कुत्र्याला यातलं काहीच करता येत नाही. त्याला आपण सरळ समोरच्याच्या तोंडावर नेऊन उभं करतो. पळायची सोय नाही म्हटल्यावर उरतो तो आवाज. आणि आवाजाचा उपयोग होतो! समोरचं कुत्रं तसंही पुढे जाणारच असतं, पण आपलं कुत्रं शिकतं की मी भुंकलो म्हणून गेलं. दुसऱ्या दिवशी ते आणखी लवकर भुंकतं.

म्हणून पुढची सगळी खटपट एकाच गोष्टीसाठी आहे. दोरीमुळे गेलेलं अंतर त्याला परत मिळवून द्यायचं. बोळात ते पावलांनी मिळत नाही. तिथे ते वेळ बघून, आडोसा शोधून, वेळीच मागे फिरून मिळवावं लागतं.

पण त्याआधी डॉक्टर. हे टाळू नका. दुखणारं कुत्रं चिडकं होतं, आणि कुत्री दुखणं फार लपवतात. कान, दात, कंबर, सांधे तपासून घ्या. पावसाळ्यात आणि त्यानंतर गोचीड ताप असतो, त्याची रक्त तपासणी करून घ्या. काल-परवापर्यंत शांत असलेलं मोठं कुत्रं अचानक अंगावर जायला लागलं असेल तर शिकवण्याआधी हेच. एक्स-रे किंवा मोठ्या तपासण्या लागल्या तर आपल्याच जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. काही कुत्र्यांची भीती इतकी खोल असते की शिकवण्याच्या जोडीला औषधही लागतं. ते पशुवैद्यांनीच ठरवायचं. माणसांच्या झोपेच्या गोळ्या देण्याचा विचारही करू नका.

भुंकण्याच्या आधी काय दिसतं

चालताना चिंगीचं तोंड अर्धवट उघडं असतं, जीभ एका बाजूला. दूर काही दिसलं की पहिल्यांदा तोंड मिटतं. बस, एवढंच होतं. शेपूट, कान, केस सगळं जागच्या जागी, फक्त ओठ मिटलेले. मग पडलेला कान थोडा उचलतो. मग अंगाचा भार पुढच्या पायांवर येतो, शेपूट वर जाऊन ताठ होते, नजर एका जागी खिळते. इथपर्यंत आलं की पुढच्या क्षणी भुंकणार. मला जे करायचं ते तोंड मिटल्यावर लगेच करायचं असतं. नजर खिळल्यावर उशीर झालेला असतो.

तुमच्या कुत्र्याची खूण वेगळी असेल. कुणी ओठ चाटतं, कुणी झोप आलेली नसताना जांभई देतं, कुणाच्या डोळ्यातलं पांढरं दिसायला लागतं, कुणी एकदम जमीन हुंगत बसतं. आठवडाभर काही शिकवू नका, नुसतं बघा. घरातल्या कुणाला तरी लांबून मोबाइलवर चित्रण करायला सांगा आणि घरी येऊन हळू करून पाहा. आपण दोरी धरून मागून चालतो, त्यामुळे आपल्याला चेहरा दिसतच नाही.

दुसरी खूण खाण्याची. चिंगी नेहमी हातातला तुकडा ओठांनी उचलते. ताण वाढला की माझ्या बोटांना दात लागतात. आणखी वाढला की चिकन नाकासमोर धरलं तरी बघत नाही. दात लागायला लागले की मी त्या जागेवरून मागे फिरते. खात नाही अशा वेळी कुत्रं शिकतही नाही.

चिकन कधी द्यायचं

प्रत्येक कुत्र्याची एक हद्द असते. तिच्या पलीकडे दुसरं कुत्रं उभं असलं तर आपलं कुत्रं त्याला बघतं, पण खातंही, हाक मारली तर कान टवकारतं. अलीकडे आलं की भान जातं. काम हद्दीच्या पलीकडे करायचं. कुणाची हद्द पंधरा पावलांवर असते, कुणाची शंभर.

इतकी जागा पेठेत नाही, म्हणून शिकवण्यासाठी मी चिंगीला सदर बाजारात नेते. जुना कॅम्पचा भाग, रस्ते रुंद, बंगल्यांची कंपाउंडं, लांबून येणारं कुत्रं वेळेवर दिसतं. स्कूटरच्या पायरीवर बसवून अशा कुत्र्याला नेऊ नका, वाटेत एखादं कुत्रं मागे लागलं तर दोघंही पडाल. आमचे ओळखीचे रिक्षावाले काका आहेत, सीटवर पोतं अंथरलं की त्यांची हरकत नसते. गाडी असेल तर उत्तमच.

तिथे पोचल्यावर कडेला उभं राहायचं. समोर लांब एखादं कुत्रं दिसलं, आपल्या कुत्र्याने ते पाहिलं, की “शाब्बास” म्हणायचं आणि चिकनचा तुकडा द्यायचा. ते कुत्रं दिसतंय तोवर तुकड्यामागून तुकडा. नजरेआड झालं की चिकन बंद, हात रिकामे. क्रम अगदी काटेकोर पाळायचा: आधी कुत्रं दिसणार, मग चिकन येणार. उलटं झालं, म्हणजे आपण घाबरून आधीच पिशवीत हात घातला, तर चिकनचा वास हीच “आता काहीतरी येणार” अशी धोक्याची सूचना होऊन बसते. प्लास्टिकची पिशवी वापरू नका, तिचा चुरचुर आवाज तेच करतो. कंबरेला कापडी बटवा बरा.

काही आठवड्यांनी एक दिवस कुत्रं समोरच्याला बघतं आणि आपणहून वळून तुमच्या तोंडाकडे बघतं, चिकन कुठाय म्हणून. चिंगीने ते पहिल्यांदा केलं तेव्हा मी तिथेच खाली बसून उरलेलं सगळं चिकन तिला भरवलं. तेव्हापासून वळून बघण्याचं बक्षीस सुरू करायचं, आणि अंतर दोन-तीन पावलांनी कमी करायचं. एखाद्या दिवशी नाही जमलं तर परत मागे जायचं. घाई केली की सगळंच मागे जातं.

“भुंकतंय आणि वर चिकन देताय, म्हणजे भुंकायलाच शिकवताय,” असं खूप जण म्हणतात. भीती ही खाऊ दिल्याने वाढणारी गोष्ट नाही. आणि खरं सांगायचं तर ऐन भुंकताना कुत्रं खातच नाही. भुंकायला लागलं की ओरडू नका, दोरी हिसडू नका. शांतपणे वळा आणि लांब जा. त्या वेळेपुरतं तेवढंच काम.

खाऊबद्दल थोडं. मीठ, हळद, कांदा-लसूण काहीही न घालता उकडलेलं बिनहाडाचं चिकन, शेंगदाण्याएवढे तुकडे करून. आमच्याकडे श्रावणात चिकन शिजत नाही, तेव्हा पनीर. उकडलेलं अंडंही चालतं, पण खिशात भुगा होतो. बिस्किटं यासाठी फार मिळमिळीत पडतात. कंदी पेढा अजिबात नको, निव्वळ साखर आणि खवा. द्राक्षं आणि बेदाणे तर मुळीच नकोत, कुत्र्याची किडनी त्याने निकामी होऊ शकते. आपल्याकडे तासगावचा बेदाणा घरोघरी असतो म्हणून मुद्दाम सांगते. जितकं बाहेर खाल्लं तितकं संध्याकाळच्या जेवणातून कमी करा.

छत्री

चिंगीचं छत्रीशी वैर होतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर छत्रीवाला माणूस टाळणं शक्य नाही, म्हणून ही तयारी मे महिन्यातच घरात केली. हीच पद्धत रेनकोट, काठी, हेल्मेट, कशालाही लागू पडते.

मिटलेली छत्री हॉलच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवली आणि आम्ही आमच्या कामाला लागलो. चिंगी लांबून मान ताणून हुंगायला आली, मागचे पाय मात्र पळायच्या तयारीत. हुंगलं की एक तुकडा, छत्रीपासून लांब फेकलेला, म्हणजे खायला जाताना तिला आपसूक मागे हटता येतं. छत्रीजवळ खाऊ ठेवून तिला ओढून आणायचं नाही. दोन-तीन दिवसांनी ती छत्रीशेजारी झोपायला लागली. मग मिटलेली छत्री हातात घेऊन मी खोलीतून आरपार चालले. मग चार बोटं उघडलेली. मग अर्धी. बटण दाबल्यावर होणारा फट् आवाज वेगळा शिकवला, कारण तिला आकाराची भीती एक आणि आवाजाची दुसरी होती. आधी आतल्या खोलीत दार लावून फट्, इकडे चिकन. मग दार उघडं ठेवून. सगळ्यात शेवटी शेजारच्या वहिनी गच्चीवर छत्री उघडून उभ्या राहिल्या. त्यांना सांगितलं होतं, “तिच्याकडे बघू नका, तिच्या दिशेने येऊ नका, कडेकडेने इकडून तिकडे जा.” वहिनींनी ते इतकं मनापासून केलं, की आता पावसाळ्यात त्यांची छत्री दिसली की चिंगी शेपूट हलवते. अनोळखी माणसाच्या छत्रीला अजून तोंड मिटतं, पण भुंकणं नाही.

बोळात

बोळात शिकवणं होत नाही. तिथे फक्त सुखरूप बाहेर पडायचं असतं. त्यासाठी पहिली गोष्ट, बोळाचं वेळापत्रक पाठ करा. घंटागाडी कधी येते, दूधवाला कधी, शाळेची रिक्षा कधी, समोरच्यांचा लॅब्राडोर कधी खाली येतो. आमच्याकडे सकाळी घंटागाडी येऊन गेल्यावर थोडा वेळ सगळं शांत असतं. ती आमची वेळ.

दुसरी, मागे वळणं. “चिंगी, चल मागं!” हे घरात, गच्चीवर, जिन्यात, काहीही समोर नसताना शेकडो वेळा खेळासारखं करून घ्या. आवाज आनंदी, वळली की खाऊ. ऐन वेळी समोरून कुत्रं आलं तेव्हा हेच शब्द, हाच आवाज. नुसत्या दोरीने ओढून वळवलं तर कुत्रं मान मागे ठेवून भुंकतच येतं.

तिसरी, आडोसा. उभा केलेला टेम्पो, उघडं फाटक, जिन्याखालची जागा. चालता चालता पुढचा आडोसा कुठला हे डोक्यात असू द्या. आत शिरलं की कुत्रं भिंतीकडे, आपण रस्त्याकडे, आणि जमिनीवर खाऊ पसरून “शोध”. नाक खाली गेलं की नजर खिळत नाही, आणि हुंगताना कुत्रं शांतही होतं. फक्त आसपास मोकळी कुत्री असतील तर खाऊ जमिनीवर टाकू नका, ती खायला येतील आणि भांडण लागेल.

मोकळ्या कुत्र्यांचं वेगळं सांगायला हवं. त्यांचे इलाके ठरलेले असतात, कुठल्या खांबापासून कुणाची हद्द हे काही दिवस नीट पाहिलं की कळतं. कुणी त्यांना ठरावीक वेळी खायला घालत असेल तर त्या वेळी तिथून जाऊ नका. माझी आमच्या आळीतल्या सगळ्या कुत्र्यांशी ओळख आहे, चिंगी बरोबर नसताना त्यांना हाक मारते, कधी पोळी देते. ओळखीचं कुत्रं माझ्या आवाजाने थांबतं.

अनोळखी कुत्रं धावत आलंच तर पळू नका, आणि आपल्या कुत्र्याला उचलूही नका. मोठं कुत्रं उचलताना आपण वाकतो, तोल जातो, आणि दोघांच्या दातांच्या मध्ये आपलंच तोंड येतं. आपण मध्ये उभं राहायचं, तळहात पुढे करून खणखणीत “हट्!” म्हणायचं, आणि मूठभर खाऊ येणाऱ्या कुत्र्याच्या मागच्या बाजूला जाईल असा भिरकावायचा. ते खायला वळलं की आपण उलट दिशेला. वाकून दगड उचलल्यासारखं केलं तर रस्त्यावरचं जवळजवळ प्रत्येक कुत्रं थबकतं. पण चिंगीही रस्त्यावरच जन्मलेली, तीही भेदरते. म्हणून तो माझा अगदी शेवटचा उपाय.

आणि माणसं. आपलं मोकळं कुत्रं पुढे पळतंय आणि मागून मालक ओरडतायत, “काही करत नाही हो आमचा!” त्यांना मी लांबूनच सांगते, “तुमचा नाही करत काका, आमची करते. जरा धरा त्याला.” हे मोठ्याने आणि वेळेवर सांगायला लाजायचं नाही. मुलं हात लावायला आली तर त्यांनाही नाही म्हणायचं. आपल्या कुत्र्याच्या बाजूने बोलणारं रस्त्यावर दुसरं कुणी नसतं.

डोंगराकडेला राहणाऱ्यांसाठी एक: गर्दी टाळायची म्हणून अंधारात किल्ल्याच्या रस्त्याला किंवा यवतेश्वरकडे कुत्रं नेऊ नका. या डोंगरांत बिबट्या आहे.

पट्टा, दोरी, मुसकं

छातीवर पुढच्या बाजूला कडी असलेला हार्नेस घ्या, खांदे मोकळे राहतील असा. कुत्रं निसटण्यातलं असेल तर दोरीला दुसरी छोटी कडी लावून ती गळ्यातल्या पट्ट्यालाही अडकवा. दोरी साधी, सहा फुटी. बटण दाबून लांब होणारी नको. मनगटाला वेढे देऊ नका, ओढ बसली की हाडं मोडू शकतात. फास मनगटात अडकवा आणि उरलेली दोरी दुसऱ्या हाताने धरा. दोरी शक्य तितकी सैल. ती ताणली की कुत्र्याला कळतं की आपण घाबरलोय.

दुकानात अशा कुत्र्यासाठी हमखास गळा आवळणारी साखळी किंवा काटेरी पट्टा काढून दाखवतात. घेऊ नका. दुसरं कुत्रं दिसलं आणि गळ्यात कळ आली, असं वारंवार झालं की कुत्र्याच्या लेखी ती कळ त्या दुसऱ्या कुत्र्यामुळेच येते. २००९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी मालकांची पाहणी प्रसिद्ध केली होती. ज्यांनी कुत्र्याला मारलं किंवा लाथाडलं, त्यांच्यापैकी ४३ टक्के लोकांवर कुत्रं उलटलं होतं. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेनेही २०२१ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली, की आक्रमक कुत्र्यांसकट सगळ्यांना बक्षीस देऊनच शिकवावं.

चावण्याची शक्यता असेल तर जाळीचं मुसकं वापरा, ज्यात कुत्र्याला जीभ काढून धापता येतं आणि पाणीही पिता येतं. तोंड गच्च बांधणारं कापडी मुसकं फिरायला नेताना कधीच नको, धापता आलं नाही तर उन्हात कुत्र्याचा जीव जाऊ शकतो. मुसक्याच्या आत चिकन धरून त्याला आपणहून तोंड घालू द्या, अंगवळणी पडायला थोडे आठवडे लागतात. आणि मुसकं लावलंय म्हणून जवळ न्यायचं नाही, भीती तेवढीच असते.

काही दिवस न्यायचंच नाही

ताण साठत जातो. सकाळी दवाखाना, दुपारी पाहुणे, संध्याकाळी फटाके, आणि रात्री एरवी ज्याच्याकडे बघतही नाही त्या मांजरावर कुत्रं झेप घेतं. अंगातला ताण उतरायला कित्येक तास, कधी एक-दोन दिवस लागतात. गणपतीत ढोल-ताशे सुरू असताना, दिवाळीत, किंवा आदल्या दिवशी मोठी भांडाभांडी झाली असेल तर शी-शूपुरतं दारात न्या आणि परत आणा. फिरायला नेलं नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका. जुन्या टॉवेलमध्ये पोळीचे तुकडे गुंडाळून द्या, पुठ्ठ्याच्या खोक्यात रद्दी भरून त्यात चिकन लपवा. नाकाने अर्धा तास शोधलं की चिंगी गाढ झोपते.

एखाद्याला चावलंच, तर जखम ताबडतोब साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सिव्हिलला न्यायचं, तुमच्या कुत्र्याला रेबीजची लस दिलेली असली तरीही. लसीचं कार्ड फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा.

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं आहे, त्याच्या चौकटीत मी रोज दोन-तीन शब्द लिहिते: काय दिसलं, किती लांब होतं, खाल्लं का. महिनाभराचं पान पाहिलं की कळतं की भुंकण्याचे दिवस कुठे एकत्र येतात, पावसात, पाहुण्यांनंतर, की कान दुखत होता तेव्हा. महिना उलटूनही हद्द एका पावलानेही कमी होत नसेल, तर ती पानं घेऊन पशुवैद्यांकडे जा आणि औषधाबद्दल विचारा.